मराठीचे पाच पॉइंट

२०२३ साली दिवाळीचा पाडवा १४ नोव्हेंबरला होता आणि त्याच दिवशी मला तेहतीस वर्षं पूर्ण झाली. सकाळी मी नवऱ्याला ओवाळलं, मग आईने मला ओवाळलं. निरांजन तेवत होतं तोवरच मी आतल्या खोलीत जाऊन लॅपटॉप उघडला. ऑस्ट्रेलियात कायमचं राहायच्या व्हिसासाठी जिथे नाव नोंदवतात त्या स्किलसिलेक्ट संकेतस्थळावर आदल्या दिवसापर्यंत माझ्या अर्जात ८० पॉइंट दिसत होते. आता ७५ होते. हे होणार ते मला ठाऊक होतं, महिनाभर तारीख मोजत होते, तरी आकडा बदललेला दिसला आणि पोटात गोळा आला.

आई दारात उभी होती. "काय गं, काय झालं?"

"पाच पॉइंट गेले."

"कशात?"

"वयात. तेहतीस पूर्ण होईपर्यंत तीस देतात, झाली की पंचवीस."

"वय वाढलं म्हणजे कामातला अनुभवही वाढला की. मग कमी कसे करतात?"

आई कराडच्या कोर्टात एकतीस वर्षं कारकून होती. नियम असेल तर त्याला कारण असणार आणि ते कुठेतरी लिहून ठेवलेलं असणार, असं तिला वाटतं. मला तिला कारण सांगता आलं नाही. मी लॅपटॉप मिटला आणि बाहेर येऊन पानं वाढायला घेतली.

हे सगळं १८९ क्रमांकाच्या व्हिसाबद्दल आहे. कुठली कंपनी बोलावत नाही, कुठलं राज्य नाव सुचवत नाही, माणसाने स्वतःच्या पॉइंटवर उभं राहायचं. (राज्याने नामांकन दिलं तर १९० मध्ये पाच वाढतात. ४९१ मध्ये पंधरा वाढतात, पण तो पाच वर्षांचा तात्पुरता व्हिसा आणि राहायचं मोठ्या शहरांबाहेर.) किमान ६५ लागतात. मात्र ६५ भरले म्हणून बोलावणं येत नाही, रांग लागते. जास्त पॉइंटवाले पुढे, आणि पॉइंट सारखे असतील तर ज्याचे आधी भरले तो पुढे. पंचेचाळीस पूर्ण झाली की बोलावणंच येत नाही.

माझा हिशोब असा होता: वयाचे ३०, बी.ई.चे १५, इंग्रजीचे २०, अनुभवाचे १०, नवऱ्याच्या इंग्रजीचे ५. नवरा चित्रकला शिक्षक आहे. चौदा वर्षं तो शाळेत शिकवतो, त्याच्या हाताखालून गेलेली मुलं आज स्वतः शिक्षक झाली आहेत. त्या सगळ्याला माझ्या तक्त्यात जागा नाही. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या चारही भागांत त्याने सहा मिळवले, त्याचे पाच. लग्न न झालेल्या अर्जदाराला मात्र तिथे दहा मिळतात. हे वाचून तो दिवसभर गप्प होता, आणि त्या दिवशी मीही त्याला काही बोलले नाही.

जायचं कशासाठी, हे आधी सांगायला हवं होतं. बाणेरच्या एका ऑफिसात मी रस्त्यांखालच्या मोऱ्यांचं डिझाइन करते. गेली काही वर्षं त्यातलं बरंचसं काम व्हिक्टोरिया राज्यातल्या रस्त्यांचं आहे. कुठे किती पाणी येईल, पेटी मोरी किती रुंद हवी, पाणी रस्त्यावरून गेलं तर कुठून जाईल, हे मी पुण्यात बसून काढते. तो रस्ता मी पाहिलेला नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिकडे मोठे पूर आले, रॉचेस्टर आणि शेपार्टन पाण्यात गेले. मी बातम्यांमधले फोटो मोठे करून करून बघत होते. माझ्या मोऱ्या त्या भागात नव्हत्या, तरी बघत होते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी कुठवर चढतं ते मी आमच्या भागात बघितलेलं आहे. पाऊस थांबल्यावर आपण काढलेल्या मोरीच्या तोंडाशी जाऊन उभं राहावं, कचरा कुठवर आला ते पाहावं, एवढं मला करायचं आहे. आणि हो, ते काम तिकडच्या रस्त्यांचं असलं तरी पॉइंटच्या हिशोबात तो परदेशातला अनुभव, कारण मी बसते बाणेरला.

आता त्या अनुभवाविषयी. २०१२ मध्ये कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून मी सिव्हिल झाले आणि पाटण तालुक्यात एका छोट्या ठेकेदाराकडे लागले. साकव, संरक्षक भिंती, बंधारे. दोन वर्षं. पगार दर महिन्याच्या दहा तारखेला पाकिटातून. पीएफ नाही, फॉर्म १६ नाही, बँकेत एक नोंद नाही. तेव्हा याचं काही वाटलं नाही, सगळ्यांचंच तसं होतं. अनुभवाची वर्षं एंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया ही तिकडची संस्था तपासून देते, आणि तिला मालकाचं पत्र पुरत नाही, बाहेरचा पुरावा लागतो: कराची कागदपत्रं, पीएफचं पासबुक, असं काही. माझ्याकडे होतं फक्त पत्र.

पॉइंटसाठी गेल्या दहा वर्षांतलाच अनुभव धरतात, त्यामुळे त्या दोन वर्षांतले नऊ-दहा महिनेच माझ्या उपयोगाचे होते. पण तेवढेच हवे होते. पुण्यातली नोकरी ऑगस्ट २०१४ पासून, मधली दीड वर्षं मुलीसाठी घरी होते. म्हणजे त्या दिवाळीत माझी आठ वर्षं भरायला तीन महिने कमी पडत होते. पाटणचे महिने धरले असते तर अनुभवाचे पंधरा झाले असते आणि वाढदिवसाआधीच मी ८५ वर असते.

मी जुन्या मालकांना फोन केला. त्यांनी ओळखलं, मुलीची चौकशी केली, पत्र हवं तितकं मोठं करून देतो म्हणाले. मागची चलनं आता कुठून आणणार, हेही म्हणाले. मी त्यांच्यावर चिडले नाही. एक मात्र विचारलं: आत्ता साइटवर जी मुलं आहेत त्यांचा पीएफ भरता का? ते म्हणाले, बघतो. हे वाचणाऱ्यांत कुणी नुकतं नोकरीला लागलेलं असेल तर त्याने परदेशी जायचं असो वा नसो, पगार खात्यातच घ्यावा आणि दर वर्षीचा फॉर्म १६ जपून ठेवावा.

गंमत नाही, पण खरं आहे की त्याच दोन वर्षांतल्या एका बंधाऱ्याने मला इंजिनिअर म्हणून मान्यता मिळवून दिली. माझ्यासारखी जुनी पदवी असलेल्यांना सीडीआर, म्हणजे आपल्या कामाचा अहवाल, द्यावा लागतो. आपल्या कामाचे तीन प्रसंग, ज्यांना ते 'करिअर एपिसोड' म्हणतात. प्रत्येक एक हजार ते अडीच हजार शब्दांचा, परिच्छेदांना क्रमांक घालून. मग एक तक्ता: इंजिनिअरला यायला हव्यात अशा सोळा गोष्टी, आणि त्यातली कुठली गोष्ट माझ्या कुठल्या परिच्छेदात दिसते. तिथे अनुभवाची वर्षं मोजायची नसतात, काम दाखवायचं असतं. त्याला मालकांचं पत्र चाललं.

मी लिहिला तो कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. असल्या कामाला वेळ थोडा असतो. पावसाळ्यानंतर ओढा ओसरला की पाया खणायचा आणि पुढच्या पावसाच्या आत पिअर, म्हणजे खांब, वर काढायचे. ड्रॉइंगमध्ये ज्या पातळीला कठीण खडक दाखवला होता तिथे दोन पिअरखाली पिवळा मुरूम लागला. मिक्सर आलेला, माणसं थांबलेली, वरून फोन, की ओतून घ्या. मुकादम खड्ड्यात उतरला आणि त्याने पहार मारली. पहार वीतभर आत गेली. त्याने माझ्याकडे बघितलं, बोलला काही नाही. मी काँक्रीट थांबवलं. सव्वा मीटर आणखी खाली गेल्यावर काळा पाषाण लागला. मी बावीस वर्षांची होते.

पहिला मसुदा लिहून मी कॉलेजातल्या मैत्रिणीला पाठवला. ती ऑस्ट्रेलियात जिलाँगला आहे, ती या सगळ्यातून आधी गेली आहे. तिने एका ओळीत उत्तर पाठवलं: "यात तू कुठे आहेस?" मी पुन्हा वाचलं. पंधराशे शब्दांत 'आम्ही' होतं. आम्ही खोदाई केली, आम्ही पातळी घेतली, आम्ही खात्याला कळवलं. साइटवर दुसरं कसं बोलणार? स्लॅब 'आपला' भरला जातो, चूकही 'आपली' होते. 'मी केलं' म्हणणारा माणूस साइटवर कुणाला आवडत नाही, आणि मला घरातही तेच वळण होतं.

तीन रात्री मी एकेक वाक्य घेऊन बसले. यात मी नक्की काय केलं? पहार मुकादमाने मारली. थांबायचं मी ठरवलं. पातळ्या मी घेतल्या. वाढलेल्या उंचीला पिअर उलटत नाही ना, सरकत नाही ना, ते मी हाताने काढलं, त्या वेळी कुठलं सॉफ्टवेअर नव्हतं. खात्याच्या उपअभियंत्यांना पत्र मी लिहिलं आणि वाढीव खोदाईचं मोजमाप एमबीत, म्हणजे खात्याच्या मोजमाप वहीत, घ्यायला मी लावलं, नाहीतर मालकांना तेवढे पैसे मिळाले नसते. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा मला कळलं की ते काम मी केलं होतं. मुकादमाचं वाक्य काढून टाक, त्याने तुझं काम कमी दिसतं, असं एका ओळखीच्या माणसाने सुचवलं. ते मी ठेवलं. परिच्छेद १.९.

सीडीआर लिहून देणारे खूप आहेत, पैसे घेऊन तयार प्रसंग देतात. घेऊ नका. नक्कल सापडली तर अर्ज नाकारतात आणि पुढे काही काळ परत अर्जही करू देत नाहीत, हे एक. दुसरं असं की त्या तीन रात्री तुमच्या वाट्याला येणार नाहीत.

इंग्रजीचं थोडक्यात सांगते. पीटीई ही संगणकावरची इंग्रजीची परीक्षा. ऑगस्ट २०२५ पर्यंत तिच्या चारही भागांत ७९ पडले तर वीस पॉइंट मिळत, ६५ पडले तर दहा. पहिल्यांदा बोलण्यात ७४ आले. मी वाक्याच्या मध्येच विचार करायला थांबते, आणि तिथे ऐकणारं यंत्र आहे. महिनाभर रोज सकाळी पेपर मोठ्याने वाचला, न थांबता. दुसऱ्यांदा ८८.

नावाचं प्रकरण मात्र थोडक्यात आटपलं नाही. दहावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग माझं नाव, मग वडिलांचं. बी.ई.च्या पदवीवर तसंच. पासपोर्टवर लग्नानंतरचं आडनाव आणि मध्ये नवऱ्याचं नाव. पीएफमध्ये माहेरचं आडनाव आणि नवऱ्याचं नाव, कसं ते देव जाणे. चार कागद, तीन बायका. त्या तिन्ही मीच, असं प्रतिज्ञापत्र, लग्नाचा दाखला आणि राजपत्रातली नोंद असे तीन कागद प्रत्येक वेळी सोबत जोडत गेले. मुलींनो, लग्नानंतर नाव बदलायचंच असेल तर सगळीकडे एकदम बदला, किंवा कुठेच बदलू नका.

तर, पाडव्याच्या संध्याकाळी ७५ वर बसलेली मी पुन्हा तो तक्ता वाचत होते. पीएचडी नाही. ऑस्ट्रेलियात शिक्षण नाही. खाली एक ओळ होती, ती मी आधी कधी नीट वाचलीच नव्हती: समाजातल्या भाषेतली पात्रता, ५ पॉइंट. दुभाष्यांना मान्यता देणारी नाटी नावाची तिकडची राष्ट्रीय संस्था आहे, ती सीसीएल नावाची परीक्षा घेते. भाषांच्या यादीत मी खाली खाली गेले. मलयाळम, मँडरिन, मराठी.

मी आईला हाक मारली. तिने चष्मा लावला, स्क्रीनवर बोट ठेवलं आणि वाचलं. "आपली मराठी? तिचे पाच देतात?"

मला वाटलं, हे तर घरचंच झालं. परीक्षा सांगायला सोपी आहे. दोन संभाषणं, प्रत्येकी सुमारे तीनशे शब्दांचं. एक माणूस इंग्रजी बोलणारा, एक मराठी. एका वेळी जास्तीत जास्त पस्तीस शब्द ऐकू येतात, ते संपले की लगेच दुसऱ्या भाषेत सांगायचे. दोन्हींचे मिळून ९० गुण, उत्तीर्ण व्हायला ६३, आणि प्रत्येक संभाषणात किमान २९. विषय रोजच्या जगण्यातले: दवाखाना, कोर्ट, बँक, घरभाडं, शाळा, नोकरी.

सरावाचं पहिलं संभाषण घरकर्जाचं घेतलं. इंग्रजी वाक्य पूर्ण कळलं. तोंड उघडलं आणि मराठीत आलं ते असं: "तुमचा मॉर्गेज ॲप्रूव्ह व्हायला बँक तुमचा इन्कम व्हेरिफाय करेल." यात मराठी काय होतं? 'तुमचा', 'व्हायला' आणि 'करेल'. मी ते रेकॉर्ड केलं होतं. परत ऐकलं तेव्हा मला वाईट वाटलं. माझं शिक्षण मराठी माध्यमात झालं आहे. घरात आम्ही मराठीच बोलतो. आणि घर विकत घेणं, आजार समजावून सांगणं, न्याय मागणं, यांतलं काहीही मला मराठीत धड बोलता येत नव्हतं.

आई दिवाळीनंतर जायची होती, ती थांबली. बाजारातून दोनशे पानी वही आणली. मावशीला फोन लावून स्पीकरवर ठेवलं. मावशी सरकारी रुग्णालयात सिस्टर होती, आता निवृत्त आहे, साताऱ्यात असते. पुढचे तीन महिने रोज रात्री साडेनऊला आमचं हे चालायचं. आई कोर्ट, बँक आणि भाडेकरू व्हायची, मावशी दवाखाना.

दोघींचं पटायचं नाही. आई कचेरीच्या भाषेतली. ती 'संवेदनाहरण' म्हणाली की मावशी तिकडून ओरडायची, "अगं ताई, भूल म्हण, भूल! पेशंटला असं कोण बोलतं?" आई मग वहीत दोन्ही लिहायची आणि भूल शब्दाखाली रेघ मारायची. मावशीने मला दुखण्याचे शब्द दिले. मी सगळ्याला 'पेन' म्हणत होते. ती म्हणाली, ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी, जळजळ वेगळी. दाढ ठणकते. पोटात कळ येते. कंबरेत चमक भरते. मुंग्या येणं म्हणजे बधिर होणं नव्हे, आणि यातलं काय होतंय ते पेशंटने सांगितलं नाही तर डॉक्टर चुकीचं औषध देईल. ती तीस वर्षं हेच ऐकत आली होती, खेड्यातल्या बायकांकडून, आणि आत डॉक्टरांना इंग्रजीत सांगत आली होती. म्हणजे ती तीस वर्षं दुभाषीच होती. हे तिला मी सांगितलं तर म्हणाली, "ते तर सगळ्याच सिस्टर करतात."

आईकडून कोर्टाचे आले. जामीन म्हणजे सुटकाही आणि हमी राहणारा माणूसही, म्हणून माणसाला जामीनदार म्हण, घोळ होणार नाही. कामकाज तहकूब झालं हे न्यायाधीश म्हणतो, पक्षकार म्हणतो तारीख पडली. आरोप झाला म्हणजे गुन्हा शाबित झाला नव्हे, हे दोन शब्द बदललेस तर माणसाचं आयुष्य बदलेल. घराच्या बाबतीत ठेव नको म्हणू, अनामत म्हण. 'सुपरॲन्युएशन'वर आम्ही दोन रात्री घालवल्या. शेवटी 'निवृत्तीसाठी साठवला जाणारा निधी' असं ठरलं. लांब आहे, पण ऐकणाऱ्याला कळेल.

परीक्षा फेब्रुवारी २०२४ मध्ये दिली, घरूनच, कॅमेऱ्यासमोर, कानाला हेडफोन लावून. मुलीला घेऊन नवरा बाहेर गेला होता, आई स्वयंपाकघरात भांडंसुद्धा हलवत नव्हती. आत काय आलं ते सांगायचं नसतं. आईचा एक शब्द आणि मावशीचा एक शब्द आला, एवढंच सांगते. एप्रिलमध्ये निकाल लागला: ९० पैकी ७१.

निकालाची वाट बघताना मी ऑस्ट्रेलियाचा जुना इतिहास वाचत होते, आणि एका गोष्टीपाशी अडकले. १९०१ मध्ये त्यांनी कायदा केला होता की येणाऱ्या माणसाने अधिकारी सांगेल तो पन्नास शब्दांचा उतारा श्रुतलेखन करून दाखवावा, युरोपातल्या कुठल्याही भाषेत. भाषा अधिकाऱ्याने निवडायची. गोरा नसलेला माणूस इंग्रजी उत्तम लिहीत असेल तर त्याला अशी भाषा द्यायची जी त्याला येत नाही. एगॉन किश नावाचा प्रागचा पत्रकार १९३४ मध्ये तिथे गेला. तो गोरा होता, पण त्याचे विचार सरकारला नको होते. त्याला युरोपातल्या कितीतरी भाषा येत होत्या, म्हणून त्याला स्कॉटिश गेलिक घातलं. प्रकरण हायकोर्टात गेलं आणि कोर्टाने त्याची ती गेलिकमधली परीक्षा बेकायदा ठरवली. श्रुतलेखनाची ही अट १९५८ पर्यंत कायद्यात होती.

हे मी आईला वाचून दाखवलं. पीटीईतही शेवटी श्रुतलेखन असतं, वाक्य ऐकायचं आणि टाइप करायचं. ते करताना मला याची काहीच कल्पना नव्हती. ज्या देशाने भाषेचा उपयोग माणसाला बाहेर ठेवण्यासाठी केला, तो आज मराठी येते म्हणून पाच पॉइंट देतो. कारण सरळ आहे. तिथल्या दवाखान्यात कुणाची तरी आजी बसलेली असते आणि तिला ठणका सांगायचा असतो. हा बदल माणसांनी भांडून घडवून आणलेला आहे. मला त्याचं मोल वाटतं. पॉइंटच्या हिशोबाबद्दल माझ्या ज्या काही तक्रारी आहेत, त्या हे धरूनच आहेत.

फेब्रुवारीत आठ वर्षं भरली, अनुभवाचे पंधरा झाले. एप्रिलमध्ये मराठीचे पाच. ८५. मग सात महिने काहीच नाही. नोव्हेंबर २०२४ च्या फेरीत बोलावणं आलं. ते आल्यापासून साठ दिवसांत अर्ज भरायचा असतो. तेव्हा मुख्य अर्जदाराचे ४,७६५ ऑस्ट्रेलियन डॉलर होते, नवऱ्याचे २,३८५, मुलीचे वेगळे. रुपयांत साडेचार लाखांच्या वर गेले, आणि ते परत मिळत नाहीत. मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रातून पोलिसांचा दाखला घेतला. ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडे तपासणी झाली. छातीच्या एक्स-रेच्या वेळी आत येणारा प्रत्येक जण आधी खोकून बघत होता.

अर्जात आईला धरता येत नाही. नवरा आणि मूल एवढंच कुटुंब. हे तिला कळल्यावर ती म्हणाली, "मला कुठं यायचंय? मला तिथं थंडी सोसायची नाही." आणि मग बराच वेळ वहीची पानं मागेपुढे करत बसली.

अर्ज अजून 'मिळाला' याच टप्प्यावर आहे. रोज बघायचं नाही असं ठरवलं आहे, तरी बघते. आई कराडला परत गेली. परीक्षा होऊन वर्ष उलटलं, पण साडेनऊला फोन येतोच, कधी तिचा, कधी मावशीचा, आणि एखादा शब्द निघतोच. वही माझ्याकडे आहे, त्यातली चौदा पानं कोरी उरली आहेत.

काल आईने सांगितलं, "गहाण एक प्रकारचं नसतं, ते तुला तेव्हा सांगायचं राहिलं. ताबेगहाण म्हणजे जमीन सावकाराच्या ताब्यात जाते, पीकही तोच खातो. नजरगहाण म्हणजे जमीन आपल्याकडेच, कसायची आपणच, पीकही आपलंच. समोरच्याची नुसती नजर तिच्यावर. लिहून घेतलंस?"

मी लिहून घेतलं.